नऊ बोटं वात

अकरा बोटं. दहा. दहा. नऊ.

*

फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या खडूनं लिहिलेले दोन इंग्रजी शब्द. नऊ दिवस झाले, कोणी पुसलेले नाहीत.

*

तीनचाकी टेम्पो. त्यात सहा माणसं, दोन शेळ्या, ॲल्युमिनियमची पातेली आणि एक रडकं मूल.

*

"ढोबळे, तुला इंग्रजी लिहिता येत नाही ना? मग आकडे लिही. आकड्यांना स्पेलिंग नसतं."

*

राजूच्या गुडघ्याची जखम हील ओव्हर झाली आणि तो खेळायला गेला. शेरा: राजू कोण? कोणत्या खाटेवर?

*

काळा दगड निवडताना डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नसतो.

*

आता नीट सांगते.

सोमवार होता, सकाळचे पावणेनऊ. साल अठ्ठ्याऐंशी. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ट्रस्टचा दवाखाना होता, आणि त्याला जोडून नर्सिंगची शाळा. मी दुसऱ्या वर्षाला. ड्रेसिंगचा ट्रे घेऊन मी बायकांच्या वॉर्डात शिरले, तर चौदा नंबरच्या खाटेवर तायम्मा धोत्रे नवं लुगडं नेसून, केस विंचरून, गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली. जणू एसटी स्टँडवर.

"आलीस का, लेकी? दोन दिस कुठं गेलतीस?"

"मावसबहिणीचा साखरपुडा होता. आणि हे काय? निघालीस कुठं?"

"गावाला. बघ की." तिनं उजवा हात पुढं केला. "मिटली."

तायम्मा वडार. पाथरवटाचं काम. पाटे-वरवंटे घडवायचे, जाती घडवायची आणि गावोगाव फिरून बायकांच्या गुळगुळीत झालेल्या पाट्यांना टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं टोचे मारून ते पुन्हा खरखरीत करून द्यायचे. डाव्या हातात छिन्नी, उजव्यात हातोडा, पंचेचाळीस वर्षांपासून. दगडाची कपची तिच्या उजव्या तळहातात घुसली होती. ती तिनं स्वतःच सुईनं काढली, वर चुना भरला आणि काम चालू ठेवलं. पंधरा दिवसांनी हात नारळाएवढा सुजला तेव्हा मुलगा हणमंत तिला आमच्याकडे घेऊन आला. काढलेली कपची तिनं पदराच्या गाठीत बांधून आणली होती, पुरावा म्हणून. ती बघितल्यावर आणखी काही शोधायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही. सर्जन किणीकर सरांनी तळहात चिरला, पू काढला, आणि ड्रेसिंग माझ्याकडे आलं.

त्या जखमेचं ड्रेसिंग म्हणजे वात भरणं. पिवळ्या औषधात बुडवलेली गॉजची अरुंद पट्टी चिमट्यानं घड्या घालत जखमेच्या तळापर्यंत सारायची आणि टोक बाहेर ठेवायचं. वात आत असेपर्यंत जखमेचं तोंड मिटत नाही. तळाकडून मांस भरत वर येतं, वात दररोज थोडी आखूड होते, आणि एक दिवस ती बसतच नाही. त्या दिवशी जखम बरी झाली म्हणायचं. माणसांना हे पटत नाही. त्यांना वाटतं, मिटायला आलेली जखम ही पोरगी दररोज उकरते. तायम्मा पहिले चार दिवस मला "कोंबडी" म्हणायची. उकरते म्हणून.

मी पट्टी कापायच्या आधी बोटांनी मोजायचे आणि आकडा वहीच्या मागच्या पानावर टिपायचे. सोमवारी अकरा बोटं. मंगळवारी दहा. बुधवारी दहा. गुरुवारी नऊ. शुक्रवारीही नऊ. शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं मी गावी गेले.

आणि सोमवारी सकाळी तळहातावर बारीक गुलाबी कातडी. बाळाच्या ओठासारखी. मिटलेली.

"वा!" मी म्हणाले. तोंडातून गेलंच ते. मग वहीचं मागचं पान उघडलं.

*

काकूंचे घाव हील ओव्हर झाले म्हणून आम्ही पेढे वाटले. शेरा: पेढे परत घ्या.

*

फळ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही.

आमच्या ट्यूटर उजागरे सिस्टर. नगरकडच्या. पांढरी साडी, पायात रबरी तळव्यांचे बूट, त्यामुळे त्या मागं येऊन उभ्या राहिल्या तरी कळायचं नाही. आम्ही सगळ्या मराठी शाळांतून आलेल्या, आणि वॉर्डातलं सगळं इंग्रजीत. म्हणून सिस्टरांनी पद्धत घातली होती. वॉर्डाच्या दारातल्या फळ्यावर त्या एक इंग्रजी क्रियापद लिहायच्या. कोणीतरी वॉर्डातल्या खऱ्या पेशंटबद्दल, त्या पेशंटच्या खाटेशी उभं राहून, त्याचं बरोबर वाक्य करायचं. तोपर्यंत ते पुसायचं नाही. जिनं बरोबर केलं तिनंच पुसायचं. 'पुल थ्रू', म्हणजे आजारातून तगणं, दोन दिवसांत गेलं. 'कम राउंड' तर ऑपरेशननंतर पेशंट शुद्धीवर येताच तासाभरात गेलं.

'हील ओव्हर' नऊ दिवस राहिलं.

सिस्टरांनी अर्थ सांगितला नव्हता असं नाही. "आपण मराठीत काय म्हणतो? जखम भरून आली. भरणं तळापासून असतं. हौद भरतो तसं. त्याला हील अप. आणि ओव्हर म्हणजे वरून. वरून कातडी येते, तोंड मिटतं. एवढाच अर्थ." आम्ही माना डोलावल्या. मग एकेक जण वाक्य करायला लागली आणि एकेक जण सिस्टरांचा शेरा खाऊन नापास व्हायला लागली. माझी मैत्रीण ललिता बिराजदार तिसऱ्यांदा नापास झाली तेव्हा चिडून म्हणाली, "सिस्टर, व्याकरण बरोबर आहे की!"

"व्याकरण बरोबर आहे. तुझा चेहरा चुकलाय."

"चेहरा?"

"वाक्य बोलताना हसत होतीस," सिस्टर म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

मी एकदाही प्रयत्न केला नव्हता. इंग्रजी वाक्य घशाशी आलं की मला तहान लागायची. म्हणूनच सिस्टरांनी मला आकडे लिहायला सांगितले होते.

*

"तायम्मा, शुक्रवारी नऊ बोटं वात आत गेली होती."

"असंल."

"तीन दिवसांत नऊ बोटं भरत नाहीत. आठवड्यात दोन बोटं भरली होती."

"देवाची किरपा."

"देवाची नको सांगूस. वात कुठाय?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. खिडकीतून दवाखान्याचं फाटक दिसायचं. बाहेर टेम्पो येऊन थांबला होता. हणमंत शेळी चढवत होता आणि शेळी ऐकत नव्हती. त्यांची सहा माणसांची टोळी बिदरकडे कामाला चालली होती, चार महिन्यांसाठी. दुपारी एकला निघायचं ठरलेलं.

"ललिताबाईनं शनवारी बघितलं," ती म्हणाली. "वात गळून पडली म्हनली. कागदावर लिवलं, बंद झाली म्हून. झालं."

"गळून पडली की ओढलीस?"

"लेकी, मी मागं ऱ्हायले तर टाकी कोन लावनार? सुनेचा हात अजून कच्चा हाय. दगड फोडती नुस्ता."

"दुखतं का?"

"न्हाई."

मी अंगठ्यानं हलकेच दाबलं. तिनं हूं की चूं केलं नाही. पण डाव्या हातानं गाठोड्याची गाठ इतकी आवळली की बोटं पांढरी पडली.

तळहाताच्या आत पू कोंडला तर तो बोटांच्या दोऱ्यांपर्यंत जातो. दोऱ्या सडल्या की बोटं वळत नाहीत. हे मला पुस्तकातून माहीत होतं. हातोडा धरायला चार बोटं आणि एक अंगठा लागतो, हे मात्र कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

मी उजागरे सिस्टरांकडे गेले. त्या औषधांच्या कपाटासमोर बाटल्या मोजत होत्या. वही दाखवली. त्यांनी आकडे बघितले, दोनदा.

"मला का सांगतेस?"

"तुम्ही सरांना सांगाल म्हणून."

"वात कोणी भरली? तू. मोजली कोणी? तू. किणीकर सर दहाला राउंडला येतील. खाटेशी तूच असशील."

"पण सिस्टर, राउंडला विद्यार्थिनींनी बोलायचं नाही. नियम आहे."

"नियम मीच केलाय. विचारल्याशिवाय बोलायचं नाही." त्यांनी एका बाटलीचं बूच घट्ट केलं. "मी विचारीन."

*

दहा वाजून पाच मिनिटं. पुढं किणीकर सर, उंच, घाईत, मागं हात बांधलेले. त्यांच्यामागं उजागरे सिस्टर. मग ललिता, मग मी, दोघींच्या हातात ट्रे. चौदा नंबरशी सर थांबले. तळहात बघितला.

"गुड. क्लोज्ड. घरी जायचं का, बाई?"

"व्हय सायेब."

"सर, एक मिनिट," उजागरे सिस्टर म्हणाल्या. "माझ्या मुलींचा फळ्यावरचा शब्द अडकून पडलाय. ढोबळे, वाक्यात उपयोग कर."

सगळ्या वॉर्डानं माझ्याकडे बघितलं. तेरा नंबरची म्हातारी कुशीवर वळली. मला तहान लागली.

"सर," मी म्हणाले.  "द वूंड हॅज हील्ड ओव्हर." मग श्वास घेतला. "इट हॅज नॉट हील्ड."

मी हसत नव्हते.

 सरांनी भुवया वर केल्या. "म्हणजे?"

पुढचं मी मराठीतच सांगितलं, भराभर, वही उघडून. अकरा, दहा, दहा, नऊ, नऊ, आणि आज काहीच नाही. सरांनी वही घेतली, उलटीसुलटी केली. मागच्या पानावर आकडे, पुढच्या पानावर चुकलेले स्पेलिंग.

"बोटांनी मोजतेस?"

"हो सर."

"कोणाच्या बोटांनी?"

"माझ्याच सर. रोज तीच."

ते थोडं हसले. मग तायम्माचा हात धरून त्यांनी तळव्यावर अंगठा दाबला, चांगला जोरात. "दुखतंय?"

"न्हाई सायेब. आजाबात न्हाई."

"ताप?"

"नव्व्याण्णव," ललिता म्हणाली.

"हं. गरम हवा आहे. बघ ढोबळे, तू काळजी करतेस हे चांगलं आहे. पण पेशंट नाही म्हणतोय, जखम मिटलीय. खाटा नाहीत माझ्याकडे." त्यांनी डिस्चार्जच्या कागदावर सही करून तो खिशात घातला. "आठ दिवसांनी दाखवायला या."

आठ दिवसांनी ती बिदरच्या पलीकडे कुठंतरी असणार होती. राउंड पुढं सरकला. पंधरा नंबर.

राउंडच्या मागं मागं जायचं असतं. मी गेले नाही.

*

"रागावलीस व्हय?" तायम्मा गाठोडं उचलत म्हणाली.

"नाही. एक विचारू? तू पाट्यासाठी दगड निवडतेस तो कसा?"

"आता गं काय मधीच?"

"सांग ना. मागं सांगत होतीस."

ती बसली. दगडाचं विचारलं की तिला बसावंच लागायचं. "डोळ्यानं बघू नये. डोळ्याला समदं चांगलंच दिसतं. हातोडीनं वाजवायचा. खण्ण वाजला तर घ्यायचा. भद्द वाजला तर टाकायचा. आत चीर असती."

"वरून चीर दिसत नाही?"

"कशी दिसंल? लबाड मानूस चिरीत भुकटी भरतो, वर मेण लावून घासतो. आरशासारखा दिसतो दगड. घेनारी बाई खूश. चार दिस मिरच्या वाटती, पाचव्या दिशी पाट्याचे दोन तुकडे."

"तू केलंस का असं कधी?"

"मी?" ती भडकली. "माझ्या हातचा पाटा घेऊन जा कुनाच्याबी घरात. वीस वरसाचा पाटा वाजवून बघ. भद्द वाजला तर नाक कापून दीन."

मी तिचा उजवा हात उचलला आणि तिच्याच मांडीवर उताणा ठेवला.

"मग हा वाजव."

ती माझ्याकडे बघत राहिली. शिव्या देईल असं वाटलं. फाटकाबाहेर टेम्पोनं हॉर्न दिला, एकदा, मग दुसऱ्यांदा. तायम्मानं डाव्या हाताचं मधलं बोट वाकवलं आणि पेराच्या हाडानं उजव्या तळहातावर ठोकलं. आधी मनगटाजवळ. मग अंगठ्याच्या उंचवट्यावर. चेहरा कामातला, मान एका बाजूला, कान खाली. मग त्या गुलाबी कातडीवर.

एकदा.

तिचे डोळे भरून आले, पण ती हलली नाही. पुन्हा ठोकलं. आवाज कसला येणार, मांसाला. पण तिनं कान द्यायचा तसा दिला.

"भद्द," ती म्हणाली.

मग उठली. गाठोडं खाटेवर टाकलं, आणि वॉर्डाच्या मधून चालत, खाटा ओलांडत, सरळ सतरा नंबरपाशी गेली. तिथं किणीकर सर कोणाचं तरी पोट तपासत होते. तायम्मानं त्यांच्या आणि त्या पोटाच्या मधे आपला हात धरला.

"सायेब, ह्यो माल खोटा हाय."

"काय?"

"वात मीच वढली, शुक्रवारीच. दुखतंय. तुमी दाबलं तवा जीव जाईल वाटलं. मी खोटं बोलले. ही पोरगी खरं बोलली." आणि मग, पाथरवट पाथरवटाला सांगतो तशा आवाजात, "फोडा."

 सरांनी तो हात बघितला. मग खिशातून मघाचा कागद काढला, चार तुकडे केले आणि ते ललिताच्या ट्रेमध्ये टाकले.

"सिस्टर, लहान थिएटर लावा. ढोबळे, तू चल. तुझी नऊ बोटं कुठं आहेत ते मला दाखव."

तायम्मानं खिडकीतून हणमंताला हाक मारली. वडारी बोलीत काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही. मोठं नव्हतं, चार-पाच शब्द. त्यानं वर बघून मान हलवली.

*

हात बधिर केला होता, तायम्मा जागी होती. वर छताकडे बघत सुनेला नावं ठेवत होती, म्हणजे धीर धरत होती. सरांनी गुलाबी कातडीवर पातं टेकवलं आणि पू आला. थेंबभर नाही, धार.

सरांनी पोकळीत सळई घातली, तळ शोधत गेले. ती आडवी गेली, करंगळीकडे, जिकडं माझी वात कधी वळलीच नव्हती. मग सर थांबले. सळई कशाला तरी लागली होती.

"चिमटा."

मी दिला.

टिण्.

स्टीलच्या ट्रेमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढी काळी कपची पडली. दुसरी कपची. पहिली पदरात बांधून आणली म्हणून हिला कोणी शोधलं नव्हतं.

"काय पडलं?" तायम्मा म्हणाली. "दाखवा."

मी चिमट्यानं तिच्या डोळ्यांपुढं धरली. तिनं डोळे बारीक केले, मान इकडं-तिकडं केली आणि एकदम हसायला लागली. टेबल हलायला लागलं.

"बाई, हलू नका!" सर ओरडले.

"अवो, ही पोलीसपाटलाच्या पाट्याची! मी म्हनलं हुतं त्याला, ह्यो दगड चांगला न्हाई, नको घडवाय लावू. त्यानं ऐकलं न्हाई. घ्या. दगडानं साक्ष दिली!"

किणीकर सर मास्कमागं हसत होते. खांदे हलत होते त्यांचे. करंगळीकडची दोरी त्यांनी पुढं-मागं करून बघितली, मग मला बोलावून दाखवली. पांढरी, लखलखीत, शाबूत.

"आणखी आठ दिवस गेले असते तर ही नसती," ते म्हणाले. "भर वात. मोजून."

चौदा बोटं गेली.

थिएटरमधून बाहेर आले तर उजागरे सिस्टर फळ्याशी उभ्या. त्यांनी डस्टर पुढं केलं. मी पुसलं. निळी भुकटी बाहीवर पडली, ती मी दिवसभर झटकली नाही. टेम्पो केव्हाच गेला होता.

*

चौदा. तेरा. अकरा. अकरा. नऊ.

दुसऱ्या दिवसापासून वॉर्डाला सवय लागली. मी वात कापली की तेरा नंबरची म्हातारी विचारायची, "आज किती गं?" आणि मी मोठ्यानं सांगायचे. आकडा खाटेवरून खाटेवर जायचा. आठ म्हटलं की सगळ्या खूश. पुन्हा आठ म्हटलं की सगळ्या मला बोलायच्या, जणू मीच चुकारपणा केला. तायम्मा वात भरताना आता तोंड फिरवायची नाही. स्वतः खाली वाकून बघायची. "कोंबडी, तळापातूर गेली का?"

सात. सहा. सहा. चार. दोन.

चौतिसाव्या दिवशी मी पट्टी चिमट्यात धरून टेकवली आणि ती आत जाईना. परत टेकवली. नाही.

"किती?" म्हातारी ओरडली.

"बसत नाही!"

टाळ्या वाजल्या. एकवीस खाटांवरून. ललिता दारात उभी राहून बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवत होती, आणि उजागरे सिस्टर तिच्या मागंच होत्या, बूट न वाजवता. 

दोन दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, मेसच्या मागच्या अंगणातून आवाज आला. खण्ण. खण्ण. खण्ण. ओपीडीतली रांग वळून बघायला लागली. किणीकर सर पेशंट सोडून खिडकीशी आले.

"कोण ठोकतंय?"

"खाट चौदा, सर," मी म्हणाले.

आमच्या मेसचा पाटा चार वर्षांत इतका गुळगुळीत झाला होता की चटणी वरून घसरायची. तायम्मा त्याच्यासमोर मांडी घालून बसली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून. डाव्या हातात टाकी, उजव्यात हातोडा, चारही बोटं आणि अंगठा दांड्याभोवती घट्ट. घाव एकाशेजारी एक पडत होते, सरळ रांगेत, तीळ पेरल्यासारखे.

"हात दुखत नाही ना?" सरांनी खिडकीतून विचारलं.

तिनं हातोडा थांबवला नाही. उजवा तळहात वर करून दाखवायलाही तिला सवड नव्हती.

"वाजतंय कसं ते ऐका की, सायेब!"

सर ऐकत उभे राहिले. मीही. रांगही.

हातोडा आणि दोन टाक्या हणमंतानं त्या सोमवारीच, आई टेबलावर असताना, फाटकावरच्या वॉचमनकडे ठेवून दिल्या होत्या.